आधी चेंडू, मग डायनॉसॉर

बरेच दिवस काही लिहिणं झालं नाही. कारणं नेहमीचीच, थोडं काम आणि बराचसा आळस. पण दिवाळीत फुलसावंगीला जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात जे फिरतंय ते एकदा लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही. थोडं कडू लिहिणार आहे. नातेवाईक मंडळींनी आधीच माफ करावं, कारण विषय घरचाच आहे आणि त्यातली अर्धी चूक माझी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं माझं गाव. मी गेली अठरा वर्षं पुण्यात, अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात. आई अजूनही शेजारणींना "पोरगं कार्टून काढते" एवढंच सांगते. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत माझ्या कामाचं याहून अचूक वर्णन मलाही जमलेलं नाही :)

तर भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, भाच्यानं लॅपटॉप उघडला. वर्षभराचा कोर्स संपवून आला होता. मोठ्या उत्साहानं म्हणाला, "मामा, हे पाह्य, डायनॉसॉर."

पाहिला. कातडीवरचे खवले झकास. मागे धूर, डोळ्यात चमक, वरून कॅमेरा गरागरा फिरतोय. फक्त तो डायनॉसॉर चालत नव्हता, घसरत होता. चार-पाच टनांचं धूड, पण पाय जमिनीवर टेकतच नव्हते. फुग्यात हवा भरून दोरीनं ओढल्यासारखं.

मी काही बोललो नाही. म्हटलं, "एक चेंडू टाकून दाखव. साधा. वरून पडला, दोन-तीन टप्पे घेतले, थांबला."

"बॉल? तो तं सोपाच आहे मामा."

पाऊण तास लागला. आणि त्याचा चेंडू जमिनीजवळ आला की हळू व्हायचा, अलगद टेकायचा आणि पुन्हा अलगद वर जायचा. शेजारी बसलेली सात वर्षांची पुतणी म्हणाली, "हा पाण्यात आहे का?"

कोर्सला एक लाख दहा हजार भरले होते. ताईनं आणि भाऊजींनी, तुरीच्या पैशातून. आणि ताईनं पैसे भरण्याआधी मला फोन केला होता. मी तेव्हा एका डेडलाइनमध्ये अडकलेलो. "कुठं तरी सुरुवात होऊ दे ना" असं काहीसं बोलून फोन ठेवला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका संस्थेशी नाही. अशा पाट्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावात आहेत. पण तो फोन मात्र मी विसरलेलो नाही.

आता तो चेंडू पाण्यात असल्यासारखा का वाटत होता, हे सांगतो. यात काही गूढ नाही, माझ्या भाऊजींनाही पाच मिनिटांत समजलं.

तुम्ही संगणकाला दोन जागा सांगता. चेंडू इथे वर, चेंडू तिथे खाली. मधल्या जागा तो स्वतः भरतो. आणि आपण वेगळं काही सांगितलं नाही तर बहुतेक सॉफ्टवेअर त्या मऊपणे भरतात. निघताना हळू, मध्ये जोरात, पोचताना परत हळू. एसटी थांब्यावर येते तशी. पण चेंडू म्हणजे एसटी नव्हे. तो जमिनीला लागतो त्या क्षणीच त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. हळू होतो तो वर, टप्प्याच्या टोकाला.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. साधारण चार फुटांवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे १२ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम दाखवायचं असा जुना रिवाज आहे, म्हणजे सहा चित्रं. आता वहीच्या पानावर ३६ मिलिमीटरची उभी रेघ मारा आणि वरून खाली १, ३, ५, ७, ९, ११ मिलिमीटरवर खुणा करत जा. बेरीज बरोबर ३६. प्रत्येक खुणेवर एक गोल काढा. झाला चेंडू पडून! वर जवळजवळ, खाली लांबलांब. किती वेळात हे झालं टायमिंग, आणि कुठे जवळ कुठे लांब हे झालं स्पेसिंग. या दोन गोष्टी ज्याच्या हातात आल्या त्याला उद्या डायनॉसॉर दिला तरी तो त्याला वजन देईल. ज्याच्या हातात नाहीत त्याला जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर दिलं तरी त्याचा डायनॉसॉर घसरणारच.

वर्षभरात हे भाच्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाच सॉफ्टवेअर शिकवली होती. कुठलं बटण कुठे आहे, ते पाचही ठिकाणी त्याला पाठ.

माझा राग नेमका इथे आहे. चुलीचं तोंड कुठे आणि फुंकणी कुठे हे दाखवून कुणी "स्वयंपाक शिकवला" म्हणेल का? पण अ‍ॅनिमेशनच्या नावाखाली वीस-पंचवीस वर्षं राजरोस हेच चाललंय. दोन हजारच्या दशकात पाटीवर फ्लॅश असायचं. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीनं फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा बंद केला. ज्यांनी फक्त फ्लॅशची बटणं शिकली होती त्यांचं शिक्षण जवळजवळ तिथेच संपलं. ज्यांनी फ्लॅशमध्ये का होईना, हालचाल शिकली होती, ते दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाऊन बसले आणि कामाला लागले. बटणं शिळी होतात हो. चेंडू पडायची रीत बदलत नाही.

जरा मागे जाऊन बघा. दादासाहेब फाळक्यांना अ‍ॅनिमेशन कुणी शिकवलं? चित्रपट काढायला भांडवल हवं होतं म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून ती झरझर वाढताना दाखवली. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केलं, काड्या एकेक फ्रेमला सरकवून. हाताशी काय होतं? कॅमेरा, काड्यापेटी आणि बघत बसण्याची चिकाटी.

आणि रीतसर शिकवणं कसं सुरू झालं तेही बघण्यासारखं आहे. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले. 'स्नो व्हाइट' आणि 'बॅम्बी'वर काम केलेला माणूस. त्यांच्या हाताखालून 'द बॅन्यन डिअर' ही जातककथेवरची फिल्म १९५७ मध्ये बाहेर पडली. तिथे शिकलेल्यांतले राम मोहन पुढे देशातल्या अ‍ॅनिमेशनचे पितामह म्हणवले गेले, २०१४ मध्ये पद्मश्री झाले. त्या खोलीत संगणक नव्हता. पेन्सिल होती, कागद होता, आणि "हे चुकलं, पुन्हा काढ" म्हणणारा एक माणूस होता. यातली कुठली गोष्ट आज जिल्ह्याच्या गावात मिळू शकत नाही? पेन्सिल आहे, कागद आहे. नाही तो फक्त माणूस. आणि फी नेमकी त्याचीच असायला हवी ना!

डिस्नेच्याच फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ मध्ये 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या पुस्तकात बारा तत्त्वं मांडली. आमच्या धंद्यात ती मनाच्या श्लोकांसारखी पाठ करतात, आणि तसंच विसरतात. पण ती तत्त्वं म्हणजे अमेरिकेतून आलेलं गुपित नाही. नीट बघणाऱ्यानं बघितलेल्या गोष्टींना दिलेली ती नावं आहेत. आणि बघायच्या गोष्टी आमच्या गावात ढिगानं आहेत.

दिवाळीच्या उरलेल्या सहा दिवसांत भाच्याला मी लॅपटॉप उघडू दिला नाही. जुनी शंभर पानी वही घेतली, कोपऱ्यात चित्रं काढायची आणि अंगठ्यानं फरफर पानं सोडायची. पहिला दिवस चेंडू. दुसरा दिवस पुन्हा चेंडू, पण एक रबरी, एक क्रिकेटचा आणि एक लोखंडी छऱ्याचा. गोल तेच, फरक फक्त स्पेसिंगचा आणि टप्प्यांचा.

तिसऱ्या दिवशी शेतात नेलं. कापसानं भरलेली बैलगाडी निघत होती. म्हटलं, चाक फिरायच्या आधी काय काय होतं ते सांग. पहिल्यांदा म्हणाला, "काईच नाई होत, गाडी निंगते." दुसऱ्या गाडीला म्हणाला, "बैल मान खाली घालते." तिसऱ्या गाडीला सगळं दिसलं. मान खाली जाते, मागचे पाय रोवले जातात, पाठ ताणली जाते, जू कुरकुरतं, आणि मग चाक. हालचालीच्या आधीची ही उलटी तयारी. पुस्तकात हिला अँटिसिपेशन म्हणतात. विटीदांडू खेळताना दांडू आधी मागे नेलेलं प्रत्येक पोर हे जाणतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मग बैल थांबल्यावर गळ्यातली घंटा आणखी दोन झोके घेऊन थांबली. अंग थांबलं तरी लोंबणारी वस्तू मागून थांबते. पोळ्याला बैलाच्या अंगावरची झूल बघा, बैल वळतो आणि झूल उशिरा वळते. हे फॉलो थ्रू. मग डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या मावशी. रिकाम्या हातानं चालताना माणूस प्रत्येक पावलाला किंचित वर-खाली होतो. भारा असला की डोकं जवळजवळ एका रेषेत जातं, पावलं लहान होतात आणि सगळी हालचाल कमरेत उतरते. वजन हे असं दाखवतात. खवल्यांनी आणि धुरानं नाही.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. निम्मे मला घरातच ऐकवून झालेत.

पहिला आक्षेप भाऊजींचा. आणि तो खरा आहे, म्हणून आधी घेतो. "तुमी मोठे कलाकार. आमच्या पोराले नोकरी पाह्यजे. नोकरीत सॉफ्टवेअरच विचारते ना?" हो, विचारतात. सॉफ्टवेअर शिकू नका असं मी म्हणत नाहीच. ते शिकावंच लागतं. पण आमच्याकडे नवीन पोरं निवडताना आधी त्यांची शोरील बघतात, म्हणजे स्वतः केलेल्या कामाची दोन मिनिटांची फिल्म. प्रमाणपत्र कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. आणि शोरीलमध्ये चालणारा माणूस घसरला की पुढची उघडतात. सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतं, ब्लेंडर तर फुकट आहे. बघायची सवय लागायला वर्ष जातं. आपण वर्षाचे पैसे घेतो आणि दोन महिन्यांची गोष्ट वर्षभर शिकवतो.

दुसरा आक्षेप, पोरांना कंटाळा येतो. त्यांना डायनॉसॉर हवा असतो, चेंडू नको. अहो, पोरांना पेटीवर पहिल्याच दिवशी सिनेमातलं गाणं वाजवायचं असतं, म्हणून कुठला गुरुजी सा-रे-ग-म सोडतो का? आणि कंटाळा येतो हेही पूर्ण खरं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीतला लोखंडी छर्रा धप्पकन पडला तेव्हा भाचा जो ओरडला, तसा तो डायनॉसॉर दाखवताना ओरडला नव्हता.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता एआयला नुसतं सांगितलं की चालणारा माणूस मिळतो, मग हे कशाला? मिळतो, खरंच. मीही वापरून बघतो. पण मिळालेला माणूस बरोबर चालतोय की नाही, हे कोण ठरवणार? भाचा वर्षभराचं शिक्षण घेऊनही स्वतःचा चेंडू चुकलाय हे ओळखू शकला नाही, सात वर्षांच्या पोरीनं ओळखलं! यंत्र जितकं भराभर काम करून देईल तितकी "हे चुकलं" म्हणणाऱ्या नजरेची गरज वाढणार आहे. बटणं दाबणाऱ्याची नोकरी जाईल अशी भीती मला वाटते, आणि म्हणूनच त्याला फक्त बटणं शिकवणं हा आता नुसता आळस राहिलेला नाही, ती फसवणूक आहे.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितोच.

ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या गावाचं नाव देशभर गेलं होतं. वेल्डिंगचं काम करणाऱ्या गावातल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणानं इंटरनेटवर बघून बघून स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर तयार केलं होतं. चाचणीच्या वेळी पंख्याचं पातं तुटून डोक्याला लागलं आणि तो गेला. तेव्हा दोन प्रकारची माणसं बोलत होती. एक म्हणायची, काय हुशारी! दुसरी म्हणायची, काय वेडेपणा! त्याच्यासारख्या मुलाला फुलसावंगीत राहून "थांब, हे असं नाही, आधी हे शीक" म्हणणारं माणूस कुठे भेटलं असतं, हा प्रश्न विचारणारं मला फारसं कुणी दिसलं नाही. मीही पुण्यात बसून हळहळलो आणि कामाला लागलो. अ‍ॅनिमेशनमध्ये चुकलं तर कुणाचा जीव जात नाही, त्या दुःखाशी याची बरोबरी मी करत नाही. पण हुशार पोरं, समोर स्क्रीन, आणि चूक दाखवणारं कुणी नाही, हे चित्र तेच आहे. इथे एका पिकाचे पैसे जातात आणि "आपल्याला जमत नाही" अशी एक गाठ पोराच्या मनात कायमची बसते. भाच्याच्या मनात ती बसायलाच आली होती.

वर मोठमोठं चाललंय, तेही बघतोय. मे २०२५ मध्ये मुंबईत वेव्हज परिषद झाली, त्याच वर्षी मुंबईत आयआयसीटी ही अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली, राज्यानंही या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. आनंद आहे. पण उद्या त्यातले चार पैसे महागाव-उमरखेडपर्यंत झिरपले तर त्यातून काय येईल? माझी खात्री आहे, आधी पंचवीस संगणक येतील आणि फीत कापली जाईल. माझी मागणी एवढीच की संगणकाच्या आधी माणूस पाठवा. आणि त्यानं पोरांच्या भाषेत शिकवावं. "बैल मान खाली घालते" हे ज्याला कळलं त्याला अँटिसिपेशन कळलंच, नाव नंतर सांगता येतं. उलट्या क्रमानं मात्र होत नाही.

तोपर्यंत, ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांनी पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पहिल्या महिन्यात काय शिकवणार? उत्तरात फक्त सॉफ्टवेअरची नावं आली तर चहा पिऊन परत या. शिकवणाऱ्यानं स्वतः हलवलेलं एक तरी पात्र दाखवा. पोराच्या कामातल्या चुका आठवड्यातून किती वेळा, कोण, शेजारी बसून काढणार? आणि फी महिन्याच्या महिन्याला घेता का, की सगळी आधीच? हे चार प्रश्न मी ताईला त्या फोनवर सांगू शकलो असतो. दोन मिनिटं लागली असती.

आता उन्हाळ्यात पंधरा दिवस मी गावात असणार आहे. घराच्या ओसरीवर, सकाळी आठ ते दहा. वही-पेन्सिल ज्याची त्यानं आणायची, फी नाही. धंद्यातले मित्र हे वाचत असतील तर त्यांनी दोन-दोन दिवस काढून यावं. राहण्याची सोय होईल, आणि जेवणाची तर विचारूच नका, आई आहे.

जाता जाता. डिस्नेत नवशिक्यांना पिठाचं अर्धं भरलेलं पोतं हलवायला देत. तोंड नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत, तरी ते पोतं खुश आहे की दमलंय हे कळलं पाहिजे. निघताना भाच्याला हाच गृहपाठ दिला होता, फक्त पोतं तुरीचं. गेल्या आठवड्यात त्यानं मोबाइलवर वहीची फीत पाठवली. पोतं येतं, जरा उभं राहतं, एका बाजूला कलतं आणि हळूच भिंतीला टेकून बसतं. कोपरे चुकलेत, मधली दोन चित्रं थरथरतात. रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, "तुले दिसलं का रे? ते पोतं याच्या बाबासारखं बसते. बाजारातून तूर विकून आल्यावर बसते ना, तसं."

पैसे काही परत येणार नाहीत, ताई. पण पुढच्या वेळी फोन केलास तर मी कामात नसेन.